नांदेड–कोल्हापूर, विमानाने एक तास

सोनपेठ

माझ्या धाकट्या बहिणीचं, सारिकाचं, लग्न कोल्हापूरकडे जमत होतं तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला होता. मुलगा काय करतो, शेती किती, घरात माणसं किती, हे सगळं तिने बापूंवर सोडलं आणि म्हणाली, "लांब किती हाय?"

आमचे बापू सोनपेठला ठिबकच्या नळ्या विकतात. गिऱ्हाईकाने अडचणीचा प्रश्न विचारला की खिशातून मोबाईल काढायचा, ही त्यांची दुकानदारी. तसा तो काढून त्यांनी कुठलंसं पान उघडलं. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं ते पान. नांदेड ते कोल्हापूर, सव्वाचारशे किलोमीटर, एक तास. खाली तेच अंतर सागरी मैलांतही दिलेलं होतं. आमच्या जिल्ह्याला समुद्राचा वासही आलेला नाही, पण सागरी मैल बघून बापूंची खात्रीच पटली. "ईमानानं एक तास," त्यांनी आईला सांगितलं. "अनिता पाथरीला हाय ना, तितकंच."

अनिता म्हणजे मी. पाथरी माझं सासर. एक लेक जीपने तासावर, दुसरी विमानाने तासावर, म्हणजे दोघी सारख्याच, असा आईने विचार केला आणि होकार दिला.

लग्न उन्हाळ्यात झालं. मग आला श्रावण आणि सारिकाची पहिली पंचमी. नागपंचमी हा आमच्याकडे बायकांचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, फेर धरतात. पहिली पंचमी तर माहेरीच करायची, ती पुन्हा येत नाही. पण लेकीने आपलं आपण उठून यायचं नसतं. माहेरचा माणूस न्यायला जावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ असेल तर भाऊ, नाहीतर चुलता, मामा, कुणीही. पुरुष असला म्हणजे झालं. माझ्या पहिल्या पंचमीला बापूंना दुकान सोडवेना. त्यांनी पाथरीच्या जीपवाल्याला निरोप धाडला, "येताना आमची पोरगी बी घिऊन ये." तो जीपवाला माझा मुराळी. सासरच्या दारातून त्याने मला मोठ्या मानाने पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्टँडवर आल्यावर माझ्या मांडीवर दुसऱ्या कुणाचं तरी पोर आणि कोंबडी दिली.

सारिकाचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते असं काही चालवून घेणारे नव्हते. मुराळी आल्याशिवाय सून दाराबाहेर पाऊल टाकणार नाही, असा त्यांचा फोन आला. आम्हाला भाऊ नाही. म्हणून चुडाव्याचा चुलतभाऊ गजानन मुराळी ठरला, आणि विमानात त्याला एकट्याला सुधरणार नाही म्हणून सोबत मी. तिकिटं बापूंनी स्वतः काढली. पंचमीच्या दोन दिवस आधी आम्ही निघायचं, त्याच दिवशी दुपारी आबांकडे जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सारिकाला घेऊन घरी. आईच्या देखत आबांना त्यांनी तसा शब्दही देऊन टाकला. आई तर इतकी खूश झाली की पंधरा दिवस आधीच झोक्याचा दोर उन्हात घालून बसली.

नांदेड

कोल्हापूर आमच्या नैऋत्येला. आम्ही निघालो पूर्वेला. ज्या गावाला जायचं त्याच्याकडे पाठ करून प्रवासाला सुरुवात करण्याचा अनुभव मला नवा होता.

चुडाव्याला गजानन स्टेशनसमोर उभा होता. शेळ्या बायकोच्या हवाली केलेल्या, अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर नवा टॉवेल. जीपमध्ये बसल्या बसल्या त्याने विचारलं, "ताई, ईमान लागतं का गं? मला यष्टी बी लागती."

त्याला धीर द्यावा म्हणून मी मोबाईलवर तिकीट उघडलं आणि मलाच लागायची वेळ आली. आज नांदेड ते हैदराबाद. हैदराबाद ते कोल्हापूर, उद्या सकाळी. मी बापूंना फोन लावला.

"बापू, हे हैदराबाद मधीच कुठून आलं?"

"थांबा हाय तितं," बापू म्हणाले.

"सकाळपस्तोर?"

"मग बस की. बसाय खुर्च्या हायेत." आणि गिऱ्हाईक आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मग मी ते अंतराचं पान शोधून खालपर्यंत वाचलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे अंतर सरळ रेषेतलं आहे आणि वेळ अंदाजे आहे. या दोन विमानतळांमध्ये विमानसेवा असेलच असं नाही. म्हणजे नांदेडाहून उडालेला एखादा कावळा लातूरच्या डोक्यावरून, सोलापूरच्या बाजूने, विमानाच्या वेगाने गेला तर तो तासाभरात कोल्हापूरला पोचला असता. माणसाला सव्वाचारशे किलोमीटर जाण्यासाठी जवळजवळ सातशे किलोमीटर उडायचं होतं. मी सारिकाला कळवलं. ती म्हणाली, "ताई, आबांनी भावकीतली चार माणसं जेवायला सांगितल्यात."

विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट आणि आधार कार्ड मागितलं. माझं बघून झालं. गजाननचं बघून तो थबकला.

"गजानन कोण?"

"म्या," गजानन म्हणाला.

"आधारवर ज्ञानोबा आहे."

"ते बी म्याच."

आमच्याकडे कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव यांची एकमेकांशी ओळख असतेच असं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, कुणीतरी आजोबांचं नाव सांगितलं, ते लागलं. पाळण्यात ठेवलेलं दुसरंच, आणि हाक मारतात ते तिसरंच. बापूंनी पुतण्याचं तिकीट अर्थातच गजानन या नावाने काढलं होतं. मी त्याच्या बायकोला फोन केला, "वहिनी, गजाननचं खरं नाव ज्ञानोबा आहे, ठाऊक होतं का?" मग ती म्हणाली, "पत्रिकेत तर गजाननच व्हतं. अजून काय काय लपवलंय इचारा त्यान्ला."

जवान सभ्य होता, पण नियम तो नियम. मला वाटलं गजानन हिरमुसेल. तो इतका खुलला की आधी जरा तरी वाईट वाटून घे, असं सांगावंसं वाटलं. "ताई, तू व्हय म्होरं," तो म्हणाला. "म्या हायेच हितं." त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला, आणि मुराळीपणाचा चार्ज माझ्याकडे आला.

पुढे तपासणीत सारिकाच्या ओटीसाठी आईने दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या अडकल्या. तपासणीवाल्या बाईंनी समजावून सांगितलं की सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही. आम्ही इतकी वर्षं पेट घेणारी वस्तू सवाष्णींच्या पदरात घालत आलो आहोत, हे मला त्या दिवशी कळलं. हळकुंड, सुपारी आणि तांदूळ तेवढे पास झाले.

विमान छोटं होतं. उडालं आणि लगेच खिडकीतून गंगा दिसली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पुलावरून जाताना तिच्यात नाणं टाकायची रीत आहे आणि आईने मुद्दाम बांधून दिलेलं नाणं माझ्या रुमालात होतं. खिडकी उघडेना. शेजारच्या सफारीवाल्या गृहस्थांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे बघून पट्टा आणखी आवळला. वरून गढूळ, वळणं घेत चाललेली गंगा फार देखणी दिसत होती. इतकी वर्षं तिच्या काठी राहून मी तिला कधी पुरती पाहिलीच नव्हती, आणि त्यासाठी मी बापूंना अर्धी माफी देऊन टाकली.

हैदराबाद

हैदराबादचा विमानतळ इतका मोठा आहे की त्यात आमचं सोनपेठ आठवडी बाजारासकट मावेल. झोपायला खुर्च्या आहेत, पण दोन खुर्च्यांच्या मध्ये लोखंडी दांडे. माणसाने आडवं होऊ नये यासाठी एवढा विचार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी आईचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसले. समोर पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ होते. लेकाकडे दुबईला चालले होते, विमानाला उशीर होता आणि वासाने त्यांचं लक्ष पुस्तकातून उडालं होतं. मी धपाटा पुढे केला. त्यांनी एक "नक्को" म्हणून घेतला आणि दुसरा न म्हणता घेतला. कुठून आलात, विचारलं. मी परभणी म्हणाले.

"अरे, परभनी तो हमारेच इलाके में थी," ते खूश होऊन म्हणाले.

"थी," मी म्हटलं. "अब नहीं."

"मगर जाना तो इधरसेच पडा ना?" ते हसले.

तेही खरंच. निझामाच्या राज्यात आमच्याकडच्या माणसाला काही काम पडलं की हैदराबाद गाठावं लागे. राज्य गेलं, आम्ही महाराष्ट्रात आलो, विमानतळ झाला, आणि महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच जायला मी हैदराबादेत बसले होते. म्हाताऱ्यांनी मला चहा पाजला. चहा कसला, गोड दुधाला चहाची नुसती ओळख करून दिलेली. सकाळपर्यंत आणखी काही लिहिण्यासारखं घडलं नाही, फक्त ते दांडे माझ्या बरगड्यांना चांगले आठवतात.

कोल्हापूर

कोल्हापूरला उतरले तेव्हा बारीक पाऊस होता आणि जिकडे बघावं तिकडे ऊस. आमच्याकडेही ऊस आहे, पण तो जरा भीत भीत उभा असतो. इथला ऊस पाटलासारखा उभा होता. वाटेत नारळ घेतला आणि रिक्षाने कागलच्या अलीकडचं सारिकाचं गाव गाठलं.

सारिका दारातच उभी होती. गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, मी कालपासनं वाट बघायलोय." तिकडच्या पोरी बोलताना पुरुषासारखं बोलतात, आलो, गेलो, खाल्लो. तीन महिन्यांत आमची सारिका "बघायलोय" म्हणायला लागली होती. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं, आणि माझ्याशी बोलतानाही तिचं अर्धं लक्ष आत नवऱ्याच्या आवाजाकडे होतं. तिला पोटभर बघून मला बरं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा रागही आला. आई तिकडे दोर उन्हात घालून बसलेली, आणि ही इथे अशी रुळलेली.

आबा ओसरीवर होते. उंच, पिळदार मिशा, कडक धोतर. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मग माझ्या मागच्या मागे पाहिलं.

"मुराळी कुठं हाय?"

"नांदेडला," मी म्हणाले, आणि घडलं ते सगळं सांगितलं. ज्ञानोबाच्या ठिकाणी सारिकाच्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आबा हसले नाहीत.

"काल भावकी जेवाय बसली आणि मुराळ्याचं पान मोकळं," ते म्हणाले. "ते बी असूंदे. पर बाईसंगं बाई धाडायची रीत आमच्यात न्हाई."

"मग तुमचा मुलगा येऊ दे सोबत," मी म्हणाले.

"नवऱ्यानंच बायकूला माहेरात सोडायची? टाकून आला म्हणतील लोक."

म्हणजे सून पाठवायला त्यांची ना नव्हती. ती कुणाच्या हातात द्यायची एवढाच प्रश्न होता, आणि तो हात माझा चालत नव्हता. दिवस भावाच्या उपवासाचा. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. सासूबाईंचा होता, सारिकाचाही होता. तिने तो गजाननसाठी धरला होता आणि त्याच वेळी गजानन घरी बसून भजी खात असल्याचं त्याने मला फोनवर स्वतः सांगितलं. आमच्यापुढे भगर आली, तिकडे तिला वरी म्हणतात, सोबत शेंगदाण्याची आमटी. झणझणीत. खाताना डोळ्यांतून पाणी आलं ते निम्मं तिखटाचं होतं.

निम्मं सारिकाचं. तिने भरून ठेवलेली बॅग आतल्या दाराशी कालपासून उभी होती. परतीच्या तिकिटांत पुन्हा हैदराबाद होतं. त्या विमानाने गेलो तर पंचमी आकाशातच संपली असती. म्हणजे निघायचं तर रस्त्याने, पहाटेच, आणि निघायचं तर आबांचा होकार हवा. मी शेवटचं म्हणून विचारलं, "आबा, मुराळी इथं येऊ शकत नाही. मग मुराळी जिथं आहे तिथं सारिकाला नेलं तर?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. असा मुद्दा कुणी त्यांच्यापुढे आणला नसावा. बराच वेळ त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग सासूबाई आतून म्हणाल्या, "जावा की घिऊन. शिवंवर मुराळ्याच्या हातात द्या आन या माघारी. रीत बी ऱ्हाईल आन पोरगी बी जाईल."

"मी सोडाय जानार न्हाई," आबांनी बजावलं. "मी निस्ती पोचती करनार. मुराळ्याच्या हाती."

"बरोबर," मी म्हणाले. चारशे किलोमीटर गाडी चालवून सुनेला सोडायला न जाण्याचा हा प्रकार मला मनापासून पटला.

वाटेत

पहाटे आबांच्या जुन्या जीपमध्ये बसलो. मिरज गेलं, पुढे पाऊस मागे राहिला आणि माती काळी व्हायला लागली. पंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, हे तिकडेही आमच्यासारखंच. सासूबाईंनी पुरणाचे उकडलेले दिंड बांधून दिले होते. बार्शीजवळ एका धाब्यावर चहाला थांबलो, तर आबांनी आचाऱ्याला विचारलं, "तवा चढवलाय काय?" आचारी म्हणाला, काका, धाबा आहे. आबांनी चहासुद्धा बाहेर जीपमध्ये मागवला.

बार्शीनंतर रस्त्याने आमचे सांधे मोजायला घेतले. आबा सुरुवातीला ऊस बघून मतं देत होते, मग सोयाबीन बघून देऊ लागले, मग मतं थांबली. अंबाजोगाईच्या घाटात ते एकदाच म्हणाले, "पोरी, एवढ्या लांबनं आलीस व्हय तू आमच्यात?" सारिका मागच्या सीटवरून नुसती हसली. मला आबा तेव्हापासून आवडायला लागले.

पुन्हा सोनपेठ

गावाच्या अलीकडे गजानन रस्त्यावर उभा होता. नवा शर्ट, खांदा मात्र मोकळा. आबांनी जीप थांबवली, मी टॉवेल परत त्याच्या खांद्यावर टाकला, आणि आबांनी खाली उतरून सारिकाची बॅग त्याच्या हातात दिली.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

गजाननने माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही सांगू का?"

मग मुराळी पुढे, सारिका मागे, अशी ती दोघं आमच्या दारापर्यंत चालत गेली आणि रीत पूर्ण झाली. बापू धावत आले, व्याह्यांच्या पाया पडले, आग्रह करून त्यांना आत नेलं. चार वाजून गेले होते. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सारिकाला चूळ भरायलाही वेळ न देता झोक्यावर पाठवलं. लिंबाखाली गल्लीतल्या बायका जमल्याच होत्या. सारिका उभी राहून झोका घेत होती, पदर कमरेला खोचून, आणि वर गेली की ओरडत होती. मला रडू आलं. पहिली पंचमी तिला मिळाली.

आत आबा चहा घेत होते. आई उंबऱ्याशी बसली होती. आबा साधेपणाने म्हणाले, "विहीणबाई, बारा तास झालं बघा बसून. कंबर ऱ्हायली न्हाई."

आई म्हणाली, "बारा?"

बापूंनी मोबाईल खिशातून काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"तुमी तर एक तास म्हनले व्हते," आई बापूंना म्हणाली.

"ईमानानं," बापू म्हणाले.

"हाय का ईमान तसं?"

"न्हाई."

"कवा कळलं तुमाला?"

"पान उघडलं त्याच दिशी," बापू म्हणाले. "खाली बारीक लिव्हलेलं व्हतं. सांगितलं असतं तर तू दिली असतीस का पोरगी?"

"न्हाई."

सारिका तेवढ्यात पाणी प्यायला आत आली होती. घामाघूम, बांगड्या नव्या. तिने शेवटचं ऐकलं आणि म्हणाली, "मग बरं केलंत बापू." अगदी सहज म्हणाली आणि पाणी पिऊन परत झोक्याकडे पळाली.

मला त्या क्षणी तिची फार दया आली, बापूंचा राग आला आणि सारिकाचा हेवा वाटला, सगळं एकदमच. आईने आबांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, "ईवाई, परत जाताना म्या येते तुमच्या गाडीत."

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणी पीत नाही. बापूंनी आठवण करून दिली. "पानी न्हाई पिनार," आई म्हणाली. "माझं पानी म्या नेते."

आणि आबा सारिकाला घेऊन परत निघाले तेव्हा ती गेली. पाण्याचा कॅन घेऊन पुढच्या सीटवर बसली, लेकीच्या दारात एक दिवस राहिली, आणि कुणी न्यायला-सोडायला नसताना गाड्या बदलत एकटी परत आली. तिकडे पोचल्यावर सारिकाचा मला फोन आला होता.

"ताई, आईनं वाटेत डोळा मिटला नाही," ती म्हणाली. "प्रत्येक फाट्यावर गावाचं नाव विचारायची आणि मग पुटपुटत बसायची. आबा म्हणाले, विहीणबाई, टेका जरा, लांब हाय अजून. तर म्हणाली, न्हाई, मला रस्ता ध्यानात ठिवू द्या. पोरीनं हाक मारली तर इचारत बसाय नको."